तीनशेचा फरक

मी बी. कॉम. आहे. ही गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्याला ही पदवीच जबाबदार आहे. इतिहासाचा आणि माझा दहावीलाच काडीमोड झाला. मला सनावळ्या आठवत नाहीत, राजे आठवत नाहीत, कोणाची मुलगी कोणाला दिली होती हे तर मुळीच आठवत नाही. पण एखाद्या पानावर आकड्यांची उभी ओळ दिसली की माझे डोळे आपोआप वरून खाली घसरतात आणि ओठ पुटपुटायला लागतात. आमची ही म्हणते, "तुमच्यापुढे विष्णुसहस्रनाम ठेवलं तर तुम्ही आधी हजार भरतात का ते मोजाल." (मोजली आहेत. पण तो वेगळा लेख.)

तर असा हा माणूस बायबलातल्या जुन्या कराराच्या, म्हणजे यहुदी लोकांच्या धर्मग्रंथाच्या, खरेखोटेपणाच्या भानगडीत कसा पडला? सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला माझी बदली अलिबागला झाली होती. आमच्या शाखेत तेव्हा संगणक यायचे होते. म्हणजे 'येणार, येणार' असं चाललं होतं. तोवर लाल कापडी बांधणीची, दोन माणसांनी उचलायची लेजरं होती आणि महिन्याच्या शेवटी त्यांचं बॅलन्सिंग असायचं. ज्यांनी ते केलेलं नाही त्यांना त्याची मजा सांगून कळणार नाही, आणि ज्यांनी केलंय त्यांना सांगायची गरज नाही. तीन रुपयांच्या फरकासाठी रात्री अकरापर्यंत पाच माणसं बसलेली मी पाहिली आहेत. एकदा मी खिशातून तीन रुपये काढून टेबलावर ठेवले आणि म्हणालो, "हे घ्या आणि मला घरी जाऊ द्या." त्यावर सगळ्या शाखेने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू मी देवळातल्या दानपेटीत हात घातला होता.

"पैसे नको, चूक पाहिजे," असं त्या वेळी म्हणाले ते मामा.

मामा म्हणजे आमचे हेडकॅशियर. सगळी शाखा त्यांना मामा म्हणायची, मॅनेजरसुद्धा. ते बेने इस्रायल. अलिबागच्या इस्रायल आळीत घर, आडनाव तालुक्यातल्याच एका गावावरून पडलेलं आणि शेवटी 'कर', बोलणं अस्सल कुलाब्याचं. शनिवारी अर्धा दिवस काम असे, तेव्हा मामा कुठून कुठून रजेची जमवाजमव करत. त्यांचे पूर्वज घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगावी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. मामा म्हणायचे, "बँकवाले हाफ डेला दमतात. आमचा बैल दोन हजार वर्षं फुल डे सुट्टी घेतोय."

मामांच्या खणात रबरस्टँपच्या खाली एक जाड मराठी पुस्तक असायचं. मिशनऱ्यांनी छापलेलं पवित्र शास्त्र. त्यातला अर्धा भाग सुतळीने बांधून ठेवलेला. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "पहिला अर्धा आमचा. सुतळीतला नवा करार. तो दुसऱ्या ब्रँचचा."

एका बॅलन्सिंगच्या रात्री दिवे गेले. कंदील एकच आणि तो अकाउंटंटच्या टेबलावर. वेळ घालवायला मी टॉर्चच्या उजेडात ते पुस्तक उघडलं आणि जे पान निघालं त्यावर मथळा होता 'गणना'. आता मला सांगा, बी. कॉम. झालेल्या माणसाच्या हातात धर्मग्रंथ पडावा आणि त्याच्या एका भागाचं नावच 'गणना' असावं, याला योगायोग म्हणायचं का? मिसर देशातून मोशे आपल्या लोकांना घेऊन बाहेर पडलाय, सिनाईच्या रानात तंबू ठोकलेत आणि पहिलं काम काय, तर मोजणी! कुठल्या वंशाची किती डोकी, सगळं ओळीने. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या अध्यायात लेवी वंशाची मोजणी आहे. या लेवींकडे देवाच्या मंडपाची सेवा. त्यांची तीन कुळं. गेर्षोनाचे ७,५००. कहाथाचे ८,६००. मराऱ्याचे ६,२००. आणि खाली एकूण : २२,०००.

माझे ओठ हलायला लागले. सात पाच, आठ सहा, सहा दोन. पुन्हा केली. खालून वर केली. टॉर्च झटकून केली. बेरीज येते २२,३००.

तीनशेचा फरक! तोही सिनाईतल्या मूळ लेजरात! कोलंबसाला जमीन दिसली तेव्हा त्याला जे काही वाटलं असेल ते मला अलिबाग शाखेच्या सेव्हिंग्ज काउंटरच्या मागे, अंधारात वाटलं.

बरं, नुसती बेरीज चुकली असती तर एकवेळ सोडून दिली असती. पण तिच्यावर पुढचा व्यवहार झालेला. प्रत्येक घरातला थोरला मुलगा देवाचा, आणि त्याच्या बदली एकेक लेवी घ्यायचा, असा हिशेब होता. थोरले मुलगे निघाले २२,२७३. लेवी २२,०००. म्हणजे २७३ कमी पडले. त्यांच्याबद्दल माणशी पाच शेकेल चांदी वसूल केली : १,३६५ शेकेल. हा गुणाकार बरोबर आहे, मी तपासलाय. पण लेवी जर खरोखरच २२,३०० असतील, तर कमी कुठे पडले? उलट २७ शिल्लक राहतात! मग ही वसुली कशाची? आणि रक्कम गेली कुठे, तर अहरोनाकडे. अहरोन हा मोशेचा सख्खा भाऊ. आमच्याकडे हे इन्स्पेक्शनला सापडलं असतं, तर मोशेचं प्रमोशन निदान तीन वर्षं रखडलं असतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मामांना पकडलं. डबा उघडायच्या आत कागद पुढे केला. मनात म्हटलं, बिचारा भाविक माणूस, तीन हजार वर्षांची श्रद्धा आता आपल्या हातून मोडणार.

मामांनी कागद पाहिला, बोंबलाचा तुकडा बाजूला काढला आणि म्हणाले, "फरक नऊने भागून पाहिलास?"

जाणकारांना ठाऊक आहे, फरकाला नऊने भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ७२ च्या जागी २७ पडलेले असतात. तीनशेला नऊने भाग जात नाही. तसं मी सांगितलं.

"मग अदलाबदल नाही. अक्षर पडलंय. हिब्रूत तीन म्हणजे 'शालोश', सहा म्हणजे 'शेश'. जुन्या लिहिण्यात मधलं एक 'ल' गळलं की तीनाचे सहा होतात. कहाथाचे ८,६०० नव्हेत, ८,३०० धर. कर बेरीज."

केली. २२,०००. पै न पै जुळली.

"म्हणजे तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"अरे बाळ, आमच्या रब्बींनी हे दीड हजार वर्षांपूर्वी धरलंय. ते म्हणाले, हे तीनशे लेवी स्वतःच थोरले मुलगे होते, ते दुसऱ्याच्या बदली कसे चालतील? म्हणून बेरजेत घेतले नाहीत. आणि गळलेल्या 'ल'चा शोध नंतरच्या पंडितांचा. तुला जे पटेल ते घे." आणि त्यांनी बोंबील खाल्ला.

एखाद्या बँकेवर दरोडा घालायला जावं आणि आतल्या कॅशियरने 'या, मागच्या वेळचे कुठे बसलेत?' असं विचारावं, तशी माझी अवस्था झाली.

पण मी सहजासहजी सोडणारा नव्हे. पुढची कित्येक वर्षं मी हा ऑडिट चालू ठेवला. बदल्या झाल्या, लग्न झालं, संगणक आले, पण वाचनालयात गेलो की माझा हात त्याच कपाटाकडे जायचा. आणि तिथे मला माझा पूर्वसूरी भेटला. जॉन विल्यम कोलेन्सो. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळचा बिशप. पण त्याआधी हा गृहस्थ गणिताचा मास्तर होता आणि त्याची अंकगणिताची पाठ्यपुस्तकं इंग्लंडात घरोघरी होती. त्याने झुलू भाषेत बायबलचं भाषांतर करायला घेतलं. जलप्रलयाची गोष्ट चालू असताना त्याच्या झुलू मदतनिसाने साधा प्रश्न विचारला, की हे सगळं खरंच असं घडलं का? बिशपसाहेबांना खोटं बोलवेना. त्यांनी पेन्सिल घेतली. १८६२ साली त्यांच्या पुस्तकाचा पहिला भाग बाहेर आला आणि इंग्लंडात हलकल्लोळ झाला. दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर पाखंडाचा खटला भरून केपटाऊनच्या बिशपने त्यांना काढून टाकलं. १८६५ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल फिरवला. धर्मशास्त्री वाद पुष्कळ सहन करतात. पण त्रैराशिक सहन करणं कठीण असतं.

कोलेन्सोची पद्धत मला फार आवडली, कारण ती आपल्यालाही जमते. बघा. वीस वर्षांवरचे, हत्यार धरू शकणारे पुरुष ६,०३,५५०. थोरले मुलगे २२,२७३. भागा. एकेका थोरल्यामागे वीस वर्षांवरचे सत्तावीस पुरुष! मुली आणि पोरंसोरं वेगळीच. दान नावाच्या पूर्वजाला मुलगा एक, हुशीम. आणि या मोजणीत दानाच्या वंशाचे लढवय्ये ६२,७००. बायकामुलं धरली तर सगळा जमाव वीस लाखांच्या घरात जातो. दहा दहांची रांग केली आणि दोन रांगांत एक मीटर सोडला, तरी दोनशे किलोमीटर लांबी होते. म्हणजे पुढची रांग कनानच्या वेशीवर 'आलो रे' म्हणून ओरडत असताना मागची रांग अजून मिसरमध्ये घराला कुलूप लावत असणार.

आणि गंमत म्हणजे दुसऱ्या एका ठिकाणी हाच आकडा चोख जुळतो! प्रत्येकाने मंडपासाठी अर्धा शेकेल दिला. जमा चांदी १०० किक्कार १,७७५ शेकेल. तीन हजार शेकेलांचा एक किक्कार. म्हणजे ३,०१,७७५ शेकेल. दुप्पट करा : ६,०३,५५०. बरोब्बर! तेव्हा मला एक मोठं सत्य कळलं, जे खरं म्हणजे प्रत्येक बँकवाल्याला ठाऊक असायला हवं : बेरीज जुळली म्हणजे व्यवहार खरा असतोच असं नाही. उलट फारच सुंदर जुळली, तर आधी मागची पानं चाळावीत.

पंडित म्हणतात, 'एलेफ' या हिब्रू शब्दाचा अर्थ हजार आणि टोळी असा दोन्ही होतो. ही तोड फ्लिंडर्स पेट्री नावाच्या उत्खनन करणाऱ्या साहेबाने सुचवली होती. हजारांच्या टोळ्या झाल्या, की सहा लाखांचे पाच-सहा हजार होतात आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. फक्त वरची चांदीची बेरीज मग बोंबलते. एक फरक काढावा तर दुसरा निघतो, हा अनुभव मला नवा नव्हता.

पुढची पानं चाळली तसतसा मी रमत गेलो. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांची यादी एज्राच्या पुस्तकात आहे. एकूण ४२,३६०. ओळी मिळवल्या तर भरतात २९,८१८. तीच यादी नहेम्याच्या पुस्तकात आहे, तिथे भरतात ३१,०८९. पण खालचा एकूण आकडा तोच, ४२,३६०! दोन शाखांनी वेगवेगळी स्टेटमेंटं पाठवायची आणि टोटल मात्र हेड ऑफिसला हवी ती टाकायची, ही प्रथा आमच्याच बँकेने काढली असं मी इतके दिवस समजत होतो.

गल्याथ राक्षसाला दावीदाने गोफणीने मारलं, हे आपल्याकडे पोरांनाही ठाऊक. पण शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याला एलहानान नावाच्या माणसाने मारलेलं आहे. मग नंतरच्या पुस्तकात (त्याचं मराठी नाव 'इतिहास', आणि ही माझी कोटी नव्हे) दुरुस्ती केलेली आहे : एलहानानाने मारलं ते गल्याथाच्या भावाला. पुढे दावीदाने यरुशलेमात अरवनाचं खळं विकत घेतलं. शमुवेलात किंमत बैलांसकट पन्नास शेकेल चांदी. 'इतिहासा'त सहाशे शेकेल सोनं. मुंबईत ज्याने फ्लॅट घेतलाय त्याला यात काही विसंगती दिसणार नाही. एक आकडा रजिस्ट्रारकडचा, एक घरी बायकोला सांगायचा.

हे मी मामांना फोनवर सांगितलं. (तेव्हा ते निवृत्त झाले होते.) ते म्हणाले, "बारा वंश आहेत. प्रत्येकी पन्नास. बारा पन्नास?"

"सहाशे. पण मामा, चांदीचं सोनं कसं झालं?"

"जागेचे भाव वाढत नाहीत का रे?"

बँकेत एक साधा नियम आहे. लेजर काहीही सांगू दे, शेवटी व्हाउचर काढून पाहायचं. लेजर म्हणजे कीर्तनकार, व्हाउचर म्हणजे साक्षीदार. तेव्हा मी म्हटलं, चला, जमिनीतून निघालेली व्हाउचरं पाहू.

पहिली व्हाउचरं मामांच्या विरुद्ध गेली. यहोशवाने रणशिंगं फुंकली आणि यरीहोचे तट कोसळले, अशी कथा. १९३० च्या सुमारास गार्स्टँग नावाच्या साहेबाने कोसळलेले तट खणून काढले आणि 'हेच ते' असं जाहीर केलं. मग १९५२ ते १९५८ कॅथलीन केन्यन बाईंनी नव्याने खणलं. गार्स्टँगचे तट यहोशवाच्या काळाच्या कितीतरी आधीचे निघाले. शहर बेचिराख झालं होतं ते इ. स. पू. १५५० च्या सुमारास, आणि यहोशवा ज्या तेराव्या शतकात बसवतात, त्या वेळी तिथे पाडायला तटच नव्हता. दुसरं 'आय' नावाचं गाव त्याने जाळलं म्हणतात. ते त्याआधी हजार वर्षं ओसाड होतं. 'आय' म्हणजेच ढिगारा. सिनाईचं रान १९६७ नंतर इस्रायली पुरातत्त्वज्ञांनी पिंजून काढलं; वीस लाखांच्या चाळीस वर्षांच्या मुक्कामाची खूण मिळाली नाही. वीस लाख लोकांनी चाळीस वर्षांत एक फुटका माठ टाकू नये? आमच्या सोसायटीची सहल माथेरानला गेली तर दुसऱ्या दिवशी विमानातून ओळखू येईल.

प्रलयाचं व्हाउचर तर दुसऱ्याच खात्यात निघालं. जॉर्ज स्मिथ नावाचा लंडनचा एक कारागीर नोटांच्या छपाईचे ठसे कोरायचा, म्हणजे आमच्याच धंद्यातला. जेवणाच्या सुट्टीत तो ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन मातीच्या विटांवरची बाणाकृती लिपी वाचत बसायचा. (आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीत रमी चालते.) पुढे म्युझियमने त्यालाच नोकरी दिली आणि १८७२ साली त्याने एका विटेवर तारू, पूर आणि जमीन शोधायला सोडलेलं पाखरू वाचलं. गिल्गमेशाची ही बाबिलोनी कथा नोहाच्या कथेची सख्खी थोरली बहीण निघाली. डिसेंबरात त्याने ते वाचून दाखवलं, तेव्हा ऐकायला खुद्द पंतप्रधान ग्लॅडस्टन हजर होते.

इथवर माझी सरशी होती. मग उलटी व्हाउचरं यायला लागली.

दावीद हा राजा झालाच नाही, ती आपल्या आर्थर राजासारखी दंतकथा, असं काही पंडित छातीठोकपणे सांगत होते. १९९३ साली उत्तर इस्रायलमध्ये तेल दान इथे एक फुटका शिलालेख सापडला. नवव्या शतकातला, शत्रूच्या अरामी राजाचा. 'दावीदाच्या घराण्या'च्या राजावर आपण मात केली अशी त्यात बढाई आहे. म्हणजे घराणं होतं. शत्रूने दिलेली पावती सगळ्यांत भरवशाची, हे वसुली खात्यात काम केलेला कोणीही सांगेल. इस्रायल हे नावही मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या शिळेवर आहे, इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचं. ती १८९६ साली सापडली, ती वर सांगितलेल्या पेट्रीसाहेबालाच. त्यात इस्रायलचा निर्वंश झाल्याचं कळवलंय! जगाच्या दप्तरातली पहिली नोंद आणि तीच खातं बंद झाल्याची. खातेदार मात्र पुढे तीन हजार वर्षं काउंटरवर येतोय.

माझं सगळ्यांत आवडतं व्हाउचर अश्शूरच्या सन्हेरीब राजाचं. इ. स. पू. ७०१ मध्ये त्याने यरुशलेमला वेढा घातला आणि हिज्कीया राजाकडून खंडणी घेतली. बायबल म्हणतं, सोनं ३० किक्कार, चांदी ३००. सन्हेरीबाचा लेख म्हणतो, सोनं ३०, चांदी ८००. सोनं जुळलं! दोन शत्रू देश, दोन भाषा, दोन देव. आणि सोन्याचा आकडा एक. चांदीत पाचशेचा फरक, पण देणारा कमी सांगतो आणि घेणारा जास्त सांगतो, इतकी मुभा आपण कोणालाही देतो. पुढे बायबल म्हणतं, देवदूताने एका रात्रीत अश्शूरांचे १,८५,००० लोक मारले. सन्हेरीबाकडे अशी नोंद नाही. पण यरुशलेम जिंकल्याचीही नाही. पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, एवढं सांगून तो गप्प बसतो. त्या गप्प बसण्यात काहीतरी आहे.

हे सगळं मांडून मागच्या डिसेंबरात मी अलिबागला गेलो. रविवारी मामा मला नवगावला घेऊन गेले. समुद्राकाठी एक स्मारक आहे, जुनी दफनभूमी आहे. बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी, की फार पूर्वी इथे जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात स्त्रिया एवढेच वाचले. पोथ्यापुराणं सगळी बुडाली. बुडालेल्यांना इथेच पुरलं. वाचलेल्यांना एक 'शेमा'ची प्रार्थना तेवढी पाठ होती. तेवढ्यावर आणि शनिवारच्या सुट्टीवर त्यांनी शतकं काढली.

वारा छान होता. माझ्यातला बी. कॉम. जागा झाला. मी म्हणालो, "मामा, सात आणि सात. आकडा फारच सुंदर जुळतोय हो. व्हाउचर काय याचं?"

मामा जरा वेळ समुद्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हा प्रश्न तू पहिला नाही विचारलास. माझी थोरली बहीण तिकडे गेली १९६० साली. १९६२ मध्ये तिकडच्या मुख्य रब्बींच्या दप्तराने फर्मान काढलं, की या मुंबईकडच्या लोकांचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावायचं असेल, तर आधी आईची आई, तिची आई, मागे मागे जाईल तितकी वंशावळ तपासा. आमच्या लोकांनी कुठून आणायची? समुद्रातून? १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसं यरुशलेमात निदर्शनं करत बसली. ताई बसली होती त्यांच्यात, नऊवारीत. मग तिथल्या पार्लमेंटात चर्चा झाली आणि ते कलम बदललं. ताईने पत्र लिहिलं होतं वडलांना. मराठीत. 'इथे सगळे आम्हाला व्हाउचर विचारतात,' अशा अर्थाचं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं. वीस वर्षं मी ज्याला गंमत समजत होतो, तो प्रश्न कोणाच्या तरी बहिणीला काउंटरच्या पलीकडून विचारला गेला होता.

मामांनीच मग माझी सुटका केली. "तुमची काय गोष्ट रे? तुम्हा चित्पावनांची?"

"परशुरामाला किनाऱ्यावर प्रेतं सापडली, वाहून आलेली. ती त्याने जिवंत केली, असं एका कथेत आहे."

"किती प्रेतं?"

मी मनातल्या मनात पोथी उघडली आणि गार झालो. "चौदा."

"सात अधिक सात?" मामा म्हणाले आणि असे हसले, की शेजारी वाळत घातलेल्या जाळ्यावरचे कावळे उडाले. "एकच व्हाउचर दोन खात्यांत पोस्ट झालंय रे!"

परतताना एस. टी.त मी त्यांना माझ्याकडचं शेवटचं व्हाउचर दिलं. ते मी मुद्दाम राखून ठेवलं होतं. यहुदाचा राजा यहोयाखीन कैद होऊन बाबिलोनला गेला आणि पुढे त्याला राजाकडून रोजचा शिधा मिळू लागला, असं बायबलात आहे. ऐकीव गोष्ट म्हणून कोणीही सोडून देईल. पण जर्मनांनी बाबिलोनच्या राजवाड्यातून मातीच्या विटा काढल्या होत्या, त्या १९३९ साली वाचून छापल्या गेल्या. कोठारातल्या कारकुनाचे शिधावाटपाचे हिशेब. त्यांत लिहिलंय : यहुदाचा राजा यहोयाखीन, आणि त्याचे पाच मुलगे, यांना तेल. कोणाचा पराक्रम नाही, देवदूत नाही, रणशिंग नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका अज्ञात क्लार्कने मोजून दिलेलं तेल, आणि त्याची नोंद.

मामांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेल होय? मग बरोबर आहे."

आता माझा निष्कर्ष काय, असं तुम्ही विचाराल. मी कारकून माणूस, निष्कर्ष काढायला मॅनेजर असतात. सहा लाख पुरुष सिनाईतून चालले असं मला वाटत नाही. यरीहोचे तट रणशिंगांनी पडले असंही वाटत नाही. आपल्या मृत्यूची आणि दफनाची हकिगत मोशेने स्वतःच लिहिली, यावर तर जुन्या रब्बींचाही पुरता विश्वास नव्हता. त्यातले काही म्हणाले, शेवटच्या आठ ओळी यहोशवाच्या. पण एक गोष्ट मला त्या जुन्या लेखनिकांची फार मोठी वाटते. त्यांना पन्नास आणि सहाशे दोन्ही दिसत होते. बेरजा त्यांनाही येत होत्या. पण जुनी पानं खरवडून त्यांनी दोन पुस्तकं एक केली नाहीत. आपल्या राजाची पापं आणि आपले पराभवही लिहून ठेवले. सन्हेरीबाच्या विटांवर तुम्हाला त्याचा एकही पराभव सापडणार नाही. आम्हाला बँकेत पहिल्या दिवशी शिकवलं होतं, चुकीची नोंद खोडरबराने पुसायची नाही. एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. खालचा आकडा वाचता आला पाहिजे.

निघताना मामांनी ते सुतळीचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. "ने. माझे डोळे गेले आता. मुलं इंग्रजीतलं वाचतात."

घरी येऊन गणनेचं पान उघडलं. त्या रात्री टॉर्चच्या उजेडात दिसलं नव्हतं, ते आता दिसलं. कहाथाच्या ८,६०० शेजारी समासात पुसट शिसपेन्सिलीने कोणीतरी लिहिलंय : '३०० फरक'. अक्षर जुन्या वळणाचं आहे. मामांना फोन केला, तर म्हणाले, "वडलांचं. ते रेल्वेत कारकून होते." त्याच्याखाली लाल पेन्सिलीची बरोबरची खूण आहे आणि मामांची ती ओळखीची, आडवी, वेटोळ्याची सही.

तिच्याखाली मी माझी केली. फरक अजून आहे तिथेच आहे.